उमेदवारीतला राजीनामा आणि नोटिशीचा दंड

नोकरीचे नियुक्तिपत्र हा आपल्याकडे वाचण्याचा कागद मानला जात नाही. तो घरी आला की देवापुढे ठेवला जातो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात आणि मग तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात जातो. तो पहिल्यांदा नीट वाचला जातो नोकरी सोडण्याचा विचार मनात येतो त्या दिवशी. त्या दिवशी चाकणच्या कारखान्यातील पदविकाधारक तरुणाला किंवा हिंजवडीतील संगणक-कंपनीत चार महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीला कळून चुकते की, आपण सही केलेल्या कागदावर दोन वेगवेगळ्या मापांची कलमे शेजारीशेजारी बसली आहेत. पहिले कलम सांगते की, सहा महिन्यांच्या उमेदवारीच्या काळात कंपनी कोणतेही कारण न देता केव्हाही सेवा समाप्त करू शकेल. दुसरे सांगते की, कर्मचाऱ्याला मात्र जायचे असल्यास तीस, साठ, क्वचित नव्वद दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागेल. न दिल्यास तेवढ्या दिवसांचा पगार भरावा लागेल. आणि तो भरेपर्यंत कार्यमुक्तीचे पत्र मिळणार नाही.

सगळीच नियुक्तिपत्रे अशी असतात असे नाही. दोन्ही बाजूंना सारखी मुदत घालणारे मालकही आहेत. पण असमान मुदतीची पत्रे इतकी रुळली आहेत की, त्यांत काही वावगे आहे असे सही करणाऱ्यालाही वाटत नाही, आणि नोटीस न देता जाणारा तरुण हा बेजबाबदार, ‘आजकालच्या पिढीचा’ नमुना ठरतो. कामगार चळवळीतील अनेक जुनी माणसेही या बाबतीत नकळत मालकाच्या भाषेत बोलतात. म्हणून हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

उमेदवारी म्हणजे काय, याचा आधी विचार केला पाहिजे. सरकारी मराठीत तिला परिवीक्षा म्हणतात, कारखान्यात प्रोबेशन. नाव कोणतेही घेतले तरी कल्पना एकच : दोन अनोळखी पक्ष एकमेकांना पारखून घेत आहेत व अजून कोणीही कायमचा शब्द दिलेला नाही. मालक पाहतो की माणसाला काम येते का. माणूस पाहतो की सांगितलेले काम खरोखर तेच आहे का, पाळी किती तासांची आहे, वरिष्ठ बोलतात कसे, पगार वेळेवर होतो का. पारख दुहेरी असेल तर ती संपवण्याचा अधिकारही दुहेरी असला पाहिजे. एका पक्षाला नापसंतीचे स्वातंत्र्य फुकट आणि दुसऱ्याला ते दोन महिन्यांच्या पगाराच्या मोबदल्यात, अशी स्थिती असेल तर तिला चाचणी म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

कायद्याने पूर्वी हे ओळखले होते, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे. १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखाली केंद्राने जे आदर्श स्थायी आदेश तयार केले, त्यांत उमेदवार कामगाराची व्याख्या ‘कायम जागेवर तात्पुरता नेमलेला व तीन महिन्यांची सेवा पूर्ण न झालेला’ अशी आहे. महिन्याच्या पूर्वसूचनेचे बंधन त्या आदेशांनी मालक व कामगार अशा दोघांवरही घातले, पण ते कायम कामगाराच्या बाबतीत. उमेदवाराला काढताना नोटीस वा तिच्याऐवजी पगार देण्याची गरज नाही असे तेथे स्पष्ट लिहिले आहे, आणि उमेदवाराने जाताना ती द्यावी असेही कोठे लिहिलेले नाही. मालकाला सवलत दिली, पण तिची दुसरी बाजू कामगाराच्या गळ्यात अडकवली नाही. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले होते. तीन महिन्यांहून अधिक व वर्षाहून कमी सेवा झालेल्या नोकराला काढायचे तर चौदा दिवसांची आणि वर्ष झालेल्याला काढायचे तर तीस दिवसांची नोटीस मालकावर बंधनकारक होती. नोकरावर त्या कलमाने कोणतेही ओझे नव्हते. २०१७ साली महाराष्ट्राने या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला, आणि त्यात हे कलम उरले नाही. विधिमंडळात त्यावरून कोणी रान उठवल्याचे कोणाच्या स्मरणात नसेल.

कायद्याने मोकळी सोडलेली जागा कंत्राटाने भरली. नियुक्तिपत्र हे कंत्राट आहे, सही स्वेच्छेने केली आहे, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद केला जातो. १८७२ चा, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना, भारतीय करार कायदा मात्र असा सरळसोट नाही. त्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात भरपाईचा आकडा लिहिलेला असला तरी तो आकडा ही कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात मिळायची ती वाजवी भरपाई. दंड आणि भरपाई या दोन गोष्टी या कायद्याने मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याप्रमाणे कोणतेही न्यायालय एखाद्याला ‘जा आणि त्याच्याकडेच नोकरी कर’ असा हुकूम देत नाही. म्हणजे नोटीस न देता जाणे हा गुन्हा नाही. फार तर तो दिवाणी स्वरूपाचा करारभंग आहे, आणि त्यात मालकाचे नुकसान किती झाले हा प्रश्न शिल्लक राहतोच. चार महिने काम केलेल्या, अजून स्वतंत्र जबाबदारी न मिळालेल्या नवख्या माणसाच्या जाण्याने दोन महिन्यांच्या पगाराइतके नुकसान झाले, हे सिद्ध करताना भल्याभल्या वकिलाची तारांबळ उडेल.

ते सिद्ध करण्याची वेळ येत नाही, हीच यातली खरी मेख आहे. मालक न्यायालयात जात नाही. तो शेवटचा पगार अडवतो, कार्यमुक्तीचे पत्र अडवतो, मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवलेली असतील तर ती अडवतो. पुढचा मालक जुन्याचे पत्र मागतो. अशा रीतीने ज्या दाव्याला न्यायासनापुढे उभे राहणे कठीण, तो दावा एका कारकुनाच्या टेबलावर बिनबोभाट वसूल होतो. या वसुलीचे स्वरूप काय, याविषयी सरकारनेच अनवधानाने एक कबुली देऊन ठेवली आहे. नोटिशीपोटी कापलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो की नाही असा वाद निघाला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये अप्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तो लागत नाही असे सांगितले. कारण काय दिले? तर ही रक्कम म्हणजे कोणत्याही सेवेचा मोबदला नव्हे. नोकरीविषयी गंभीर नसलेल्यांना परावृत्त करण्यासाठी व सोडून जाण्याला आळा घालण्यासाठी घेतलेला तो दंड आहे. करार कायदा म्हणतो दंड वसूल करता येत नाही, वाजवी भरपाईच मिळते. कर मंडळ म्हणते हा दंड आहे म्हणून त्यावर कर नाही. मालकाला दोन्हीकडून सूट मिळाली.

कामगाराच्या सोडून जाण्याला दंड करण्याची ही वृत्ती आजची नाही. कलकत्त्याच्या व्यापारी मंडळींच्या अर्जावरून १८५९ साली कामगारांच्या करारभंगाचा तेरावा कायदा झाला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा त्यात होती. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंग नव्हता. कायदा शहरातील कारागिरांसाठी म्हणून आला आणि आसामच्या चहामळ्यांत पळून जाणाऱ्या मजुरांविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. खुद्द इंग्लंडने आपल्या कामगारांपुरता असा फौजदारी बडगा १८७५ साली मोडीत काढला. हिंदुस्थानात तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडावे लागले.

तुरुंग गेला, पण पगार अडवण्याची युक्ती राहिली. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या मध्याच्या सुमारास होत असे. गिरणी कामगाराचा काही आठवड्यांचा घाम अशा प्रकारे नेहमी मालकाच्या तिजोरीत तारण पडलेला असे, आणि नोटिशीशिवाय गेलेल्याचे ते तारण जप्त होई. १९२८ च्या सार्वत्रिक संपात गिरणीमालकांचे स्थायी आदेश हा एक मोठा वादविषय झाला आणि फॉसेट समितीला त्यांचा विचार करावा लागला, त्यामागे हाच अनुभव होता. पुढे शाही मजूर आयोग आला, आणि त्यानंतर १९३६ चा वेतनप्रदान कायदा. पगारातून काय कापता येईल याची बंद यादी त्या कायद्याने केली. या यादीत एकट्या कामगाराने नोटीस दिली नाही म्हणून कपात करण्याची मुभा नाही. मुभा आहे ती एकाच प्रसंगी : दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटिशीशिवाय व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर प्रत्येकाचा जास्तीत जास्त आठ दिवसांचा पगार कापता येतो. अशाच स्वरूपाची तरतूद २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. कायदा करणाऱ्यांची भीती कशाची होती, हे या परंतुकात उघड दिसते. एकटा जाणारा त्यांना फारसा घाबरवीत नव्हता, दहाजण एकत्र उठणे घाबरवीत होते. तरीही तेथे मर्यादा आठ दिवसांची होती. आज एकट्याकडून साठ दिवसांची मागणी होते.

बांधून ठेवण्याचा आणखी एक प्रकार महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला त्या धंद्यात एक ‘कोयता’ म्हणून मोजतात, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते, आणि ती फिटेपर्यंत फडावरून हलू शकत नाही. आगाऊ पैशाच्या मोबदल्यात कोठेही काम करण्याचे वा कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठबिगारी म्हटले आहे. एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने पुढे जाऊन सांगितले की, राज्यघटनेच्या २३ व्या कलमातील सक्ती म्हणजे केवळ शारीरिक जबरदस्ती नव्हे. आर्थिक लाचारीही सक्तीच ठरू शकते. वातानुकूलित इमारतीतील अभियंत्याची तुलना ऊसतोड मजुराशी करणे हा अतिरेक ठरेल आणि त्या मजुरावर अन्यायही. फडावरची थंडी, पालातले बाळंतपण, मुलांची बुडालेली शाळा या गोष्टींना नियुक्तिपत्रातील कलमाच्या पंगतीला बसवता येणार नाही. पण एक फरक उलट दिशेचाही आहे. ऊसतोड कामगाराने निदान रोख उचल हातात घेतलेली असते. उमेदवार अभियंत्याने काहीच घेतलेले नसते. तरी जाताना त्याच्याकडून फेड मागितली जाते.

येथे मालकवर्गाचा अर्थशास्त्रीय युक्तिवाद तपासणे अगत्याचे आहे, कारण तो वरकरणी वजनदार आहे. आम्ही नवख्याला शिकवतो, त्यावर पैसा खर्च होतो, तो शिकून निघून गेला तर आमचे भांडवल बुडाले, असे ते म्हणतात. या प्रश्नाचा पद्धतशीर विचार गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात केला, आणि बेकर हा समाजवादाचा मित्र होता असा आरोप त्याच्यावर कोणी करणार नाही. त्याचे प्रतिपादन असे की, जे शिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा खर्च वस्तुतः मालक करीतच नाही. शिकाऊ काळातील कमी पगाराच्या रूपाने तो खर्च शिकणारा स्वतः सोसतो. जे शिक्षण फक्त त्याच एका कारखान्यात उपयोगाचे, त्याचा खर्च मालक करतो खरा, पण मग ते शिकलेल्या माणसाला टिकवण्यासाठी त्याला बाहेरच्यापेक्षा अधिक पगार देणे हाच मालकाच्या हिताचा मार्ग असतो. म्हणजे बाजारावर अढळ श्रद्धा असलेल्यांच्याच शास्त्राप्रमाणे उमेदवाराने आपले शिक्षणशुल्क आधीच भरलेले असते. नोटिशीचा दंड म्हणजे तेच शुल्क दुसऱ्यांदा वसूल करणे, किंवा पगारवाढ देण्याऐवजी दाराला कुलूप लावणे.

कुलपाचा परिणाम एका माणसापुरता राहत नाही. कामगाराला दुसरीकडे जाणे जितके महाग, तितकी त्याला आहे त्या जागी कमी पगारावर ठेवण्याची मालकाची शक्ती मोठी. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात श्रम विकत घेणाऱ्याच्या या मक्तेदारीचा उलगडा केला. गावातला एकमेव कारखाना हे तिचे पाठ्यपुस्तकातील उदाहरण. पण पुण्यासारख्या शहरात शेकडो कंपन्या असूनही नव्वद दिवसांच्या नोटिशीने प्रत्येक कंपनी आपल्या कामगारांपुरती एकमेव होऊ शकते. नव्या मालकाला माणूस पुढच्या आठवड्यात हवा असतो, तीन महिने थांबायला तो तयार नसतो. ज्याची मागणी फार, अशा निष्णात माणसाच्या नोटिशीचे पैसे नवा मालक स्वतः भरून टाकतो. दंड खिशातून जातो तो ज्याची मागणी बेताची त्याच्याच. पुनर्वाटप होते, पण उलट्या दिशेने.

या नाण्याची दुसरी बाजू २०२५ च्या फेब्रुवारीत मैसूरला दिसली. एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ साली पदवीधरांना नोकरीची पत्रे दिली होती. त्यातल्या अनेकांना रुजू करून घ्यायला २०२४ ची अखेर उजाडली. मधल्या दोन वर्षांत त्यांनी दुसरे काय करावे याची चिंता कंपनीने वाहिली नाही, आणि थांबण्याचा मोबदला देण्याचा तर प्रश्नच नव्हता. रुजू झाल्यावर काही महिन्यांतच अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून त्यांतल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना बाहेरची वाट दाखवली गेली. दोन वर्षे ताटकळत ठेवणे हा मालकाच्या बाजूने करारभंग नाही आणि दोन आठवड्यांत निघून जाणे हा नोकराच्या बाजूने आहे, असा हिशेब ज्याला पटतो त्याला पटो.

न्यायालयांचा कल मात्र नेहमी कामगाराकडे राहिलेला नाही, हे कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे. सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याण येथील टायर-कॉर्ड कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक पाळी-पर्यवेक्षक १९६४ साली मुदतीच्या आत निघून राजस्थानात कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध मनाईहुकूम कायम केला. पण तेथे परदेशी सहयोगी कंपनीकडून मिळालेल्या गुप्त तंत्राचा प्रश्न होता. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली व कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. निकालामागचे एक कारण सार्वजनिक क्षेत्राच्या विशेष परिस्थितीचे आहे : सरकारी बँकेला खुली जाहिरात देऊन, खर्चिक स्पर्धापरीक्षेद्वारा भरती करावी लागते, ती खासगी बँकेप्रमाणे कोणालाही उचलून घेऊ शकत नाही. सार्वजनिक क्षेत्राची काळजी वाहणाऱ्या कोणालाही हे कारण क्षणभर विचारात पाडेल. तरी दोन लाखांची रक्कम वरिष्ठ व्यवस्थापकाच्या पगाराच्या मानाने फार मोठी नाही, असेही न्यायालयाने पाहिले आहे. आता हाच निकाल फडकवून वीस हजारांच्या पगारावर मुले घेणारे खासगी मालक एकेक लाखाची हमीपत्रे लिहून घेतील, ही भीती निराधार नाही. त्यांनी खुली जाहिरात दिलेली नसते, स्पर्धापरीक्षा घेतलेली नसते, आणि आरक्षण तर नाहीच नाही. निकालाचे कारण मागे ठेवून निकाल तेवढा उचलण्याची कला आपल्या कंपन्यांच्या कायदा-विभागांना चांगली अवगत आहे.

अन्य देशांत काय आहे? फ्रान्समध्ये चाचणीच्या काळात कामगाराला जायचे असेल तर पहिल्या आठ दिवसांत चोवीस तासांची व त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांची सूचना पुरते. मालकाला काढायचे असेल तर मुदत सेवेबरोबर वाढत जाते. महिन्यानंतर दोन आठवडे, तीन महिन्यांनंतर महिना. जर्मनीत सहा महिन्यांपर्यंतच्या चाचणीकाळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची मुदत आहे. दोन्ही देश भांडवलशाहीच आहेत. पण त्यातल्या एकाने दोन पक्षांना सारखे मानले आणि दुसऱ्याने दुबळ्या पक्षाला झुकते माप दिले. आपल्याकडचे तिसरे माप, म्हणजे बलवानाला झुकते, या दोहोंपैकी कोणाच्याही कायद्यात बसत नाही.

नोटीस न देता जाण्यात काही दोषच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. रुग्णालयातील परिचारिका रात्रपाळीला न येता निघून गेली तर त्या रात्री मालकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते रुग्णाचे, आणि दुप्पट खाटा सांभाळणाऱ्या दुसऱ्या परिचारिकेचे. दोन कामगारांच्या छोट्या वर्कशॉपमधून एक अचानक गेला तर मालकही अडचणीत येतो, कारण तो स्वतःच लेथवर उभा असतो. काम सोपवून जाणे, किल्ल्या व हिशेब देऊन जाणे, सहकाऱ्याला आदल्या दिवशी सांगून जाणे हे बंधन श्रमिकांच्या आपसातल्या नात्यातून येते, आणि ते खरे बंधन आहे. पण ते दिवसांचे आहे, महिन्यांचे नाही. त्याची पूर्तता काम हवाली करून होते, पैसे भरून नव्हे. मालकाने पैसे घेतले म्हणून त्या रात्रीच्या वॉर्डात दुसरी परिचारिका उगवत नाही. प्रत्यक्ष घेतलेली उचल फेडणे हेही वेगळे. ती फेडलीच पाहिजे.

हा सारा विचार मालकांच्या दारातच थांबवून चालणार नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसांनी चालवलेल्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, रुग्णालये महाराष्ट्रात थोडी नाहीत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या कार्यालयात नव्या नेमणुकीच्या माणसाची मूळ गुणपत्रके ‘पडताळणीसाठी’ म्हणून वर्षभर पडून असतात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी केलेल्या १९७७ च्या कायद्यात राजीनाम्याविषयी एक चमत्कारिक वाटणारी तरतूद आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक प्रत नोंदणी टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे ती सांगते. टपालाचे हे कर्मकांड कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी गावोगावच्या शाळांत नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या तारखेचे राजीनामे लिहून घेण्याची जी रीत होती तिची आठवण ठेवावी. त्याच कायद्यात व १९८१ च्या नियमांत कायम न झालेल्या शिक्षकाने जाताना महिन्याची नोटीस द्यायची आहे, आणि उमेदवारीत काम असमाधानकारक ठरले तर व्यवस्थापनानेही महिन्याची नोटीस वा पगार द्यायचा आहे. महिना थोडा अधिक वाटेल, पण वर्ग मध्येच सोडता येत नाही, आणि माप दोघांना सारखे आहे. पुढे २००० सालापासून शिक्षणसेवक ही जात निर्माण झाली. उमेदवारी दोनाची तीन वर्षे झाली व पगाराचे मानधन झाले. ते २०२३ साली वाढून दरमहा सोळा ते वीस हजारांवर आले. तीन वर्षे ज्याची परीक्षा चालते तो परीक्षा सोडून गेला तर त्याला दोष देण्यापूर्वी परीक्षकाने आपली घटिका तपासावी.

सोडून जाण्याच्या हक्काचे समर्थन करताना एक गोष्ट चळवळीने स्वतःशी कबूल केली पाहिजे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली बिघडत्या संस्थेपुढे माणसाला उपलब्ध असलेले दोन मार्ग दाखवले : निघून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे. निघून जाण्याची वाट मोकळी असली की आवाज उठवण्याची निकड कमी होते, हे त्यांच्या विवेचनातील बोचरे सत्य आहे. उमेदवारीत निघून गेलेला तरुण आपल्यापुरता सुटतो. त्याच्या खुर्चीवर सोमवारी दुसरा येऊन बसतो आणि त्याच्यापुढे तेच नियुक्तिपत्र ठेवले जाते. राजीनाम्याने कारखाना बदलत नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला जाताच येत नाही त्याचा आवाजही दबका असतो. दार आतून उघडता येते एवढे ठाऊक असलेला माणूसच वरिष्ठासमोर ताठ उभा राहतो.

आवाजाची व्यवस्था मात्र त्याला कोणी देऊ केलेली नाही. कामगार संघटनांच्या सभासद-वह्या उघडून पाहिल्या तर उमेदवारांची नावे शोधून काढावी लागतील. कायम झाल्यावर या, असे त्यांना सांगितले जाते; आणि जो काळ सर्वांत असुरक्षित तो संघटनेविना काढावा लागतो. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. स्थायी आदेशांची सक्ती पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेला होती, ती आता तीनशेंच्या आस्थापनेला आहे. मधल्या कारखान्यांत नियुक्तिपत्र हाच एकमेव कायदा होऊन बसेल. या संहितांत कामगारविरोधी तरतुदी पुष्कळ आहेत आणि त्यांविरुद्धचा लढा चालूच राहील. पण विरोधाच्या भरात हाती लागलेले हत्यार गंजू देण्याचे कारण नाही. वेतन संहितेने राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचा देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देण्याचे बंधन मालकावर घातले आहे. १९३६ च्या कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने काढून टाकलेल्यापुरती होती. स्वतःहून गेलेल्याला ती नव्हती. नव्या संहितेला पगाराच्या मर्यादेचीही अट नाही, त्यामुळे हिंजवडीची मुलगी आणि चाकणचा मुलगा दोघेही तीत बसतात. ‘हिशेब पंचेचाळीस दिवसांनी होईल’ हे वाक्य ज्या कार्यालयात अजून उच्चारले जाते तेथे कायद्याचा भंग होत आहे.

पगार अडवला तर तीन वर्षांच्या आत प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो, आणि प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो. हा अर्ज स्वतः कर्मचारी करू शकतो. निरीक्षक करू शकतो. आता त्याचे नाव निरीक्षक-नि-सुविधाकार असे झाले आहे, आणि या दोन शब्दांपैकी कोणता त्याला अधिक भावेल ते काळ सांगेल. नोंदणीकृत कामगार संघटनाही अर्ज करू शकते. त्यासाठी कर्मचारी कायम असण्याची अट संहितेत नाही. तो त्या संघटनेचा सभासद असला पाहिजे, एवढीच अट आहे.